साताऱ्यात २ क्रेडिटांचा पेपर: गावाकडचं कथन आणि चिकानो चळवळ एकत्र कशी शिकवायची?

तिसरा_तास (सातारा)

नमस्कार मंडळी. पदवीच्या दुसऱ्या वर्षासाठी खुल्या वैकल्पिक विषयाचा पेपर मंजूर झालाय, नाव 'समाजकथन आणि नागरी हक्क'. २ क्रेडिट, ३० तास, ५० गुण, त्यातले २० गुण प्रकल्पाला देता येतात. मुलं ४०. खुला वैकल्पिक असल्यामुळं इतिहासाचं एकही पोर नाही, सगळी वाणिज्य आणि विज्ञान शाखेची. निम्मी पाटण-कराडकडची, बाकी कोरेगाव, खटाव, माण.

अभ्यासक्रमात एक घटक अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या, म्हणजे चिकानो, हक्कांच्या लढ्याचा आहे आणि दुसरा गावात जाऊन माणसांकडून ऐकून, नोंदवून आणण्याचा. दोन्ही स्वतंत्रपणे शिकवता येतील, पण मग ते दोन अर्धे पेपर होतील. जोड कुठं घालायची? तिकडचा किती भाग घ्यायचा? इथला विषय कोणता निवडायचा (सगळे 'पत्री सरकार घ्या' म्हणतात, म्हणजे १९४३ च्या सुमाराचं इथलं ब्रिटिशांविरुद्धचं प्रतिसरकार)? मोबाइलवर रेकॉर्डिंग चालेल का? आणि हे सगळं ३० तासांत कसं बसवायचं?

कृष्णाकाठ

आधी तासांचा हिशेब. चिकानो भागाला ११ तास, त्याहून जास्त नकोत. ऐकण्याची-विचारण्याची पद्धत आणि सराव ७, आणलेलं रेकॉर्डिंग वर्गात ऐकून नोंदी करणं ८, सादरीकरण ४. गावात जाणं या ३० तासांच्या बाहेर. ते आत धरलंत तर जानेवारीत वेळापत्रक कोलमडतं.

११ तासांत सगळा इतिहास सांगायला जाऊ नका. मेक्सिको-अमेरिका युद्ध संपवणारा १८४८ चा तह एका तासात उरका: २ फेब्रुवारीला ग्वादालूपे इदाल्गो इथं सही झाली, टेक्सास आधीच गेलं होतं ते धरून मेक्सिकोचा निम्मा मुलूख अमेरिकेकडं गेला आणि तिथली माणसं घरात बसल्या बसल्या दुसऱ्या देशाची झाली. पुढं थेट न्यायालयात या. टेक्सासच्या जॅक्सन काउंटीत पीट हर्नांडेझवर खुनाचा खटला चालला, तेव्हा तिथल्या ज्युरीत २५ वर्षांत एकही मेक्सिकन आडनावाचा माणूस बसला नव्हता. सरकारचं म्हणणं, हे लोक कायद्यानं 'गोरे'च आहेत, ज्युरीही गोरी आहे, मग भेदभाव कुठला? वकिलांनी त्याच कोर्टाच्या आवारातली मुताऱ्यांची गोष्ट पुढं आणली. एका मुतारीवर पाटीच नव्हती. दुसरीवर 'काळे पुरुष' असं इंग्रजीत लिहिलेलं आणि खाली स्पॅनिशमध्ये 'पुरुषांनी इकडं'. ३ मे १९५४ ला सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं हर्नांडेझच्या बाजूनं निकाल दिला, शाळांतल्या वर्णभेदावरचा गाजलेला ब्राउन निकाल यायच्या दोनच आठवडे आधी. वाणिज्यच्या पोराला या निकालामागची घटनेची दुरुस्ती लक्षात राहणार नाही. पाटी राहील.

मग कॅलिफोर्नियातल्या डेलानोचा द्राक्षसंप, म्हणजे द्राक्षबागांतल्या मजुरांचा, याला सलग ३ तास द्या. इथं बहुतेक टिपणं चुकतात: या संपाचा सगळ्यात गाजलेला पुढारी सेसार चावेझ, पण संप त्यानं सुरू केला नाही. ८ सप्टेंबर १९६५ ला तो फिलिपिनो मजुरांनी सुरू केला, पुढारी लॅरी इटलियाँग. सेसार चावेझ आणि दोलोरेस ह्वेर्ता यांची संघटना १६ सप्टेंबरला सामील झाली. मागणी ताशी १ डॉलर ४० सेंट आणि पेटीमागं २५ सेंट. १९६६ च्या मार्चमध्ये डेलानोहून सॅक्रामेंटोला पायी मोर्चा निघाला, पुढं ग्वादालूपेच्या मातेचं (मेक्सिकोत पुजतात त्या मेरीचं) निशाण, आणि बरोबर ईस्टरच्या रविवारी, १० एप्रिलला, राजधानीत पोचला. त्याला ते तीर्थयात्राच म्हणत होते. लोणंद-फलटणची पालखी बघितलेल्या मुलांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

पण वारीशी तुलना तिथंच सोडा आणि बहिष्कारावर या, कारण वाणिज्यच्या मुलांना तेच आवडेल. १९३५ च्या कामगार कायद्यानं शेतमजुरांना संरक्षणातून वगळलं होतं. त्यामुळं त्यांना संघटनेचा हक्क नव्हता, पण दुकानदारावर दबाव आणणाऱ्या दुय्यम बहिष्कारावर इतर युनियनांना जी बंदी होती, तीही त्यांना लागू नव्हती. कायद्याच्या ज्या भोकातून त्यांना बाहेर टाकलं, त्याच भोकातून त्यांनी देशभराच्या दुकानांतली द्राक्षं अडवली. जुलै १९७० मध्ये बागायतदारांनी करार केले.

उरलेल्या तासांत मार्च १९६८ मधलं पूर्व लॉस एंजेलिसच्या हायस्कुलांतल्या मुलांचं वर्ग सोडून बाहेर पडणं घ्या (स्पॅनिश बोलल्यावर शिक्षा बंद करा, आमचा इतिहास शिकवा, या मागण्या) आणि एप्रिल १९६९ चा सांता बार्बराचा आराखडा. तुमच्या पेपरचा सांधा मला तिथंच दिसतो. विद्यापीठात आमच्यावर अभ्यास होणार असेल तर तो आमच्या वस्तीच्या कामी आला पाहिजे, असं त्या आराखड्याचं सूत्र होतं. दुसऱ्या घटकात तुमची मुलं नेमकं तेच करणार आहेत. आणि हे फार लांबचं नाही. त्याच १९६९ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या संपातून वांशिक अभ्यासाचा विभाग उभा राहिला. त्याच विद्यापीठातून १९७३ साली महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर पीएचडी घेतलेल्या गेल ऑम्वेट पुढं आपल्या कासेगावात राहिल्या.

एक धोका. उत्तरपत्रिकेत ४० पैकी ३५ जण 'चावेझ म्हणजे अमेरिकेचे गांधी' लिहितील. त्यानं १९६८ मध्ये २५ दिवसांचा उपास केला, गांधींचं ऋण मानलं, सगळं खरं. पण त्या एका वाक्याखाली इटलियाँग गडप होतो, ह्वेर्ता गडप होते आणि कागदपत्रांविना आलेल्या मजुरांविरुद्ध याच युनियननं घेतलेली भूमिकाही गडप होते. त्या विसंगतीवर अर्धा तास चर्चा ठेवाच.

माणदेशी_मास्तर

कृष्णाकाठ यांनी तिकडचं चोख सांगितलंय. मी इथल्या विषयाबद्दल बोलतो. माझं मत: पहिल्या वर्षी पत्री सरकार नको.

साधा हिशेब आहे. १९४३ साली १५ वर्षांचा असलेला माणूस आज पंचाण्णवच्या पुढं. मुलांना भेटणार ती दुसरी-तिसरी पिढी, आणि ती जे सांगणार ते बहुतेक गौरवग्रंथांत छापून आलेलं, पुतळ्याच्या अनावरणात ऐकलेलं. शेणोलीची रेल्वे, सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादा पाटलांनी मारलेली उडी, या गोष्टी आता घोटून घोटून गुळगुळीत झाल्यात. पोरांना वाटतं आपण काहीतरी मिळवलं, प्रत्यक्षात पाठांतर मिळालेलं असतं.

त्याऐवजी कोयनेचा भूकंप घ्या. ११ डिसेंबर १९६७, पहाटे साडेचारच्या आत. तेव्हा १५ वर्षांचं असलेलं माणूस आज सत्तरी ओलांडलेलं, पण खणखणीत बोलणारं. तुमची निम्मी मुलं पाटण-कराडची, म्हणजे सांगणारं माणूस घरातच आहे. खटाव-माणच्या मुलांना १९७२ चा दुष्काळ द्या: खडी फोडायची कामं, सुकडी, मिलोची लाल ज्वारी. दोन्ही विषयांत पुस्तकी पाठ कमी आणि अंगावरची आठवण जास्त.

आणि जोडही चांगली बसते. कोयना धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसं जिल्ह्याबाहेरही पांगली. त्याच्या शेजारी लॉस एंजेलिसचं चावेझ रविन ठेवा. तिथल्या तीन मेक्सिकन वस्त्या १९५० च्या दशकात सार्वजनिक घरांसाठी म्हणून उठवल्या. पुढं घरांची योजनाच रद्द झाली, जागा बेसबॉल संघाला गेली, शेवटच्या कुटुंबाला मे १९५९ मध्ये उचलून बाहेर काढलं आणि १९६२ मध्ये तिथं स्टेडियम उघडलं. (या चावेझचा सेसार चावेझशी संबंध नाही, नाव एकोणिसाव्या शतकातल्या एका नगरसेवकाचं. मुलं हमखास गल्लत करतात.) दोन्हीकडं प्रश्न एकच विचारा: 'सार्वजनिक कामासाठी' हे शब्द तुम्हाला पहिल्यांदा कुणी, कुठं ऐकवले? मग फरकही आपोआप निघेल. धरण झालं, वीज आली. तिकडं घरं झालीच नाहीत.

पत्री सरकार घ्यायचंच असेल तर एका तासात, पद्धत शिकवायला घ्या. 'प्रति'चं 'पत्री' कसं झालं? बैलाच्या खुराला ठोकतात ती पत्री. खबऱ्यांच्या तळपायाला पत्र्या ठोकल्या असं गावोगाव सांगतात. चळवळीतल्या मंडळींनी मात्र शिक्षा तळपायावर काठीच्या फटक्यांची होती असं सांगितलंय. चूक म्हणून ते कथन फेकायचं का? इटलीत तेर्नीला त्रास्तुल्ली नावाचा पोलाद कामगार १९४९ साली पोलिसांच्या गोळीबारात मेला. पुढं कामगार सांगताना त्याचा मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीच्या लढ्यात नेऊन ठेवत, कारण त्यांच्या मनातली खरी जखम ती होती. पत्रीचंही तसंच बघा: गावाला सरकार कसं हवं होतं, हे त्या अफवेत आहे.

सांगली जिल्ह्यातली मुलं असतील तर त्यांना एवढं सांगा की त्या वेळी वाळवा, तासगाव सातारा जिल्ह्यातच होतं आणि कुंडल औंध संस्थानात. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला, त्याचं सांगली नाव १९६० मध्ये पडलं. जुन्या दप्तरात शोधताना पोरं सांगली सांगली करत बसतात.

टेप_आणि_टाचण (मिरज)

मोबाइलवर चालेल. बिघडतं ते मोबाइलमुळं नाही, बाकीच्या गोष्टींमुळं.

फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा. फोन आला की बरीच ॲप रेकॉर्डिंग थांबवतात आणि पोराला ते अर्ध्या तासानं कळतं. रेकॉर्डर ॲपमध्ये फाइलचा प्रकार वेव्ह (WAV) निवडा, एमपी३ नको, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. तासाला सुमारे ३२० एमबी होतात. ४० मुलांचे चौघांचे १० गट, प्रत्येकी २ मुलाखती, तासाची एक: २० तास, साडेसहा जीबीच्या आत. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर आरामात मावतं. पण प्रती तीन हव्यात: एक विभागाच्या संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक कॉलेजच्या इमारतीबाहेर. २०१९ चा महापूर बघितलेल्या सांगलीकराला हे वेगळं सांगायला नको.

फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर-दीड वीत अंतरावर, खाली घडी केलेला टॉवेल. थेट स्टीलच्या टेबलावर ठेवला तर कपबशीचा प्रत्येक आवाज घणासारखा येतो. पंखा बंद. कोपऱ्यातला फ्रिज बंद करून स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवायची, म्हणजे निघताना चालू करायचं राहत नाही. पत्र्याच्या घरात पाऊस सुरू झाला तर मुलाखत थांबवा, नंतर ते साफ होत नाही. सुरुवातीला १ मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकणं सक्तीचं करा.

फाइल व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवायची नाही, आवाज दाबला जातो. केबलनं घ्या. नावं आधीच ठरवा: तारीख, गाव, गट क्रमांक. नाहीतर 'नवीन रेकॉर्डिंग १२' नावाच्या २० फाइल जमतात आणि आजी कुठल्या, कुणाला सांगता येत नाही.

आता उतरवून काढणं. गावाकडचं बोलणं तासभर उतरवायला ६ ते ८ तास लागतात. २० तासांचं पूर्ण लेखन मागितलंत तर पोरं कॉप्या करतील. पूर्ण मुलाखतीची फक्त मिनिटवार सूची मागा (दर ३-४ मिनिटांना एक ओळ: काय, कोण, कुठं) आणि निवडक १० मिनिटांचं शब्दशः लेखन. ते तासा-सव्वातासाचं काम आहे, प्रत्येकाला जमतं. फोनच्या बोलून-टायपिंगवर अवलंबून राहू नका. ते 'गेलतो'चं 'गेलो होतो' करतं, 'हुतं'चं 'होतं' करतं आणि 'न्हाय' सरळ गाळतं, म्हणजे नकाराचा होकार होतो.

हे वर्गात ठसवायला चिकानो इतिहासातलंच उदाहरण आहे. १९०१, टेक्सास. शेरीफ घोडेचोराच्या शोधात ग्रेगोरियो कोर्तेझच्या दारात आला. दुभाष्यानं विचारलं, तू घोडा बदलून घेतलास का? कोर्तेझ म्हणाला, नाही. कारण त्यानं घोडी घेतली होती, आणि स्पॅनिशमध्ये घोडा आणि घोडी हे अगदी वेगळे शब्द. दुभाष्यानं त्याचं बोलणं उलटंसुलटं करून सांगितलं, गोळ्या सुटल्या, शेरीफ मेला. मराठी पोराला घोडा-घोडीचा घोळ इंग्रजी पोरापेक्षा लवकर कळतो.

संमतीपत्र एका पानाचं, साध्या मराठीत, आणि तेच रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तोंडीही घ्या. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी तर हवंच. तीन वेगळे पर्याय ठेवा: फक्त वर्गात, कॉलेजच्या ग्रंथालयात, की इंटरनेटवरही. नाव द्यायचं की नाही हा चौथा प्रश्न. शेवटी 'अमुक तारखेपर्यंत परत घेता येईल' अशी ओळ. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून हे कागद कपाटात असलेले बरे. सगळ्यात जास्त अडचण येते ती भावकीची: बोलता बोलता आजोबा बांधाच्या भांडणावर येतात, नाव घेऊन. तो भाग पुसायचा नाही, सूचीत वेळ लिहून 'बंद' असा शेरा मारायचा आणि ऐकवायच्या प्रतीतून तेवढा कापायचा.

तिसरा_तास

फार उपयोग झाला. भूकंप आणि दुष्काळ नक्की करतो. दोन शंका. मुलं विचारायला बसली की प्रश्नावली वाचून दाखवतात आणि समोरचा 'हो', 'नाही' म्हणतो. आणि सादरीकरणाच्या ४ तासांत पीपीटी नको आहे. पोवाड्याचा काही उपयोग होईल का?

माणदेशी_मास्तर

प्रश्नावली घरी ठेवायला सांगा, बरोबर ५ शब्द लिहिलेली चिठ्ठी. 'भूकंपात भीती वाटली का?' याला उत्तर 'तर!' एवढंच. 'त्या पहाटे तुम्ही कुठं झोपला होता? शेजारी कोण?' याला पंधरा मिनिटं. मग 'अंथरूण अंगणात किती दिवस पडलं?' मग 'चूल कुठं मांडली?' भिंतीवरून वस्तूंकडं, वस्तूंवरून माणसांकडं. आणि शांतता मोडू नका, मनात १० आकडे मोजायचे. तारखा विचारायच्याच नाहीत. 'भूकंपाआधी की नंतर', 'थोरलीच्या लग्नाआधी की नंतर' असं विचारा.

दुसरं: कुणाशी बोलायचं याची यादी सरपंचांकडून घेऊ नका. ती यादी एकाच आळीतून येते. आधी गावाचा हातानं नकाशा काढायचा, सगळ्या वस्त्या दाखवून, मग प्रत्येक गटाच्या दोन मुलाखती दोन वेगळ्या वस्त्यांतल्या, त्यातली एक बाईची. बाईच्या मुलाखतीत घरातला पुरुष मध्ये बोलतो, तेव्हा गटातल्या एकानं त्याला शेत दाखवायला बाहेर न्यायचं. हे काम आधीच वाटून द्या.

डफ_आणि_ट्रक

पोवाडा चालेल, पण जपून. ग्रेगोरियो कोर्तेझवर जे गाणं सीमेवर गाजलं त्याला कोरीदो म्हणतात. पोवाड्याशी त्याचं नातं मुलांना पाच मिनिटांत कळतं: खरी घटना, सन आणि ठिकाण सुरुवातीला, एकटा माणूस विरुद्ध सत्ता. फरक असा की कोरीदो गिटारवर एकटा-दुकटा गातो, झीलकरी नसतात, आणि शेवटी गाणारा बहुधा ऐकणाऱ्यांचा निरोप घेतो. पोवाडा लिहायला सांगितला की पोरं 'जी जी रं जी' लावून महाराजांचाच साचा उचलतात आणि भूकंपात तलवार निघते.

त्यापेक्षा आक्तो, म्हणजे छोटं प्रहसन, करून घ्या. १९६५ मध्ये डेलानोच्या संपात लुईस वाल्देझनं मजुरांनाच घेऊन 'तेआत्रो काम्पेसिनो' उभं केलं. रंगमंच म्हणजे ट्रकचा सपाट हौदा. नेपथ्य नाही, गळ्यात पाट्या: हा मालक, हा संपफोड्या, हा मुकादम. मजूर मालकाची भूमिका करणार, मोजकी मिनिटं, बरंचसं आयत्या वेळी. आपल्याकडं वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी अमर शेख, गवाणकरांबरोबर १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं आणि तमाशाच्या घाटात कामगारांचं जगणं आणलं. ते वीस वर्षं आधीचं. हे शेजारी शेजारी ठेवलं तर तुमचा दुसरा तास भरला.

अट एकच: आक्तोतलं प्रत्येक वाक्य त्या १० मिनिटांच्या शब्दशः लेखनातून आलं पाहिजे, वेळेच्या नोंदीसह. १० गट, प्रत्येकी ८ मिनिटं सादरीकरण आणि ७ मिनिटं प्रश्न, म्हणजे अडीच तास. उरलेला दीड तास रंगीत तालमीला. २० गुणांतले ५ संमतीपत्र आणि फाइलच्या नोंदींना, ५ सूचीला, ५ लेखनाला, ५ यातल्या वाक्यांच्या खरेपणाला. अभिनयाला शून्य, नाहीतर युवा महोत्सवातली चार पोरं सगळे गुण घेऊन जातात.

कृष्णाकाठ

'मुकादम' शब्द आला म्हणून एक पुरवणी. एखाद्या गटाला ऊसतोडीवर काम करायचं असेल तर डेलानोशी ती जोड सगळ्यात घट्ट बसते. तिकडं मजूर पुरवणारा कंत्राटदार, इकडं मुकादम. इकडं उचल, तिकडं १९४२ पासून मेक्सिकोहून करारावर आणलेल्या ब्रासेरो मजुरांच्या पगारातून 'बचत' म्हणून कापलेले १० टक्के, जे कित्येकांना कधी मिळालेच नाहीत. तिकडं कमरेत वाकवणारं आखूड दांड्याचं खुरपं, ज्यावर कॅलिफोर्नियात १९७५ मध्ये बंदी आली. इकडं नवरा-बायको मिळून मोजला जाणारा एक 'कोयता'. त्या हिशेबात बाईची मजुरी कुठं लिहिली जाते, एवढा एकच प्रश्न घेऊन गेलात तरी पुरे.

वेळ मात्र जपा. तोड पहाटे सुरू होते, दुपारी भरणी, मग वाहन कारखान्याच्या रांगेत. संध्याकाळी खोपटावर गेलात तर चुलीचा वेळ मोडतो. अवकाळीनं फड ओला झाला किंवा कारखाना दुरुस्तीला थांबला की त्या दिवशी जायचं, आणि त्यासाठी गटानं आधी एकदा नुसतं भेटून, काही न विचारता, चहा पिऊन यायचं. संमतीपत्रावर मुकादमासमोर सही घेऊ नका.

तिसरा_तास

कळलं. संमतीपत्राचा मसुदा सोमवारी इथंच टाकतो, बघून सांगा. एक राहिलं: मुलाखतीची प्रत घरच्यांना पेनड्राइव्हवर द्यायची ना?

टेप_आणि_टाचण (मिरज)

पेनड्राइव्ह फडताळात पडून राहतो. नातवाच्या फोनमध्ये टाका आणि ब्लूटूथ स्पीकर घेऊन जाऊन एकदा सगळ्यांना बसवून ऐकवा. तेव्हाही रेकॉर्डर चालू ठेवा, अर्थात विचारून. ऐकता ऐकता आजी मध्येच 'तसं न्हाय, आधी भिंत पडली' म्हणतात, आणि तोच भाग पहिल्या फेरीत सुटलेला असतो.